पेंडीचं दुकान, भरडा गिरणी आणि मिक्सिंग : एका दूधवाल्याचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेतीन)

घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. मक्याचा भरडा आणि खुराक मिक्सिंगसाठी दुकान एक नंबर, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) पण चांगली मिळते, सरकी पेंड मात्र तिथून घेऊ नका आणि उधारीवर तर काहीच घेऊ नका. बाकी ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी पुढं वाचा, कारण २०२४ च्या शेवटी खाद्याचे जे भाव होते (इथले सगळे भाव तेव्हाचेच धरा) त्यात कुठल्या दुकानातून काय घ्यायचं यावरच गोठा टिकणार का बसणार ते ठरत होतं.

दुकानाचं नाव टाकत नाही. चांगलं पण लिहिणार आहे आणि वाईट पण, आणि शेठची माझी गाठ दर आठवड्याला पडते. सिन्नर तालुका, नाशिक-पुणे हायवेच्या बाजूला पत्र्याचं मोठं गोडाऊन, पुढं काउंटर, मागं भरड्याची हॅमर मिल आणि उभा मिक्सर. अशी दुकानं आता संगमनेर, राहाता, बारामती सगळीकडंच झालीत, त्यामुळं नाव नसलं तरी काय बघायचं ते कळेल.

माझ्याकडं दुधावर असलेल्या १० एचएफ (होल्स्टीन) गाई, सरासरी १२ लिटर धरा. जुना हिशोब सगळ्यांना माहितीय, गाईच्या शरीराला एक-सव्वा किलो खुराक आणि पुढं दर अडीच लिटर दुधाला एक किलो. म्हणजे एका गाईला ६ किलो, दहा गाईंना दिवसाला ६० किलो. १२० लिटर दूध ३.५ फॅट ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) २८ रुपयांनी गेलं तर ३३६० रुपये आले आणि ३१ रुपये किलोनी खुराकच १८६० चा झाला. चारा वेगळा, कुट्टीची लाइट वेगळी, डॉक्टर वेगळा, आणि घरच्यांची मजुरी तर कुणी धरतच नाही. ऑक्टोबर २०२४ ला दूध संघांनी २८ द्यायचे आणि सरकार वर ७ रुपये अनुदान टाकणार असं झालं होतं, त्याच्या आधी जुलैपासून ३० अधिक ५ होतं, म्हणजे बेरीज तीच ३५, फक्त रोखीतले दोन कमी झाले आणि वाट बघायचे दोन वाढले. पेंडवाला काय अनुदानाची वाट बघत नाही.

तर आधी मी पण सगळ्यांसारखी गोळी पेंडच (कंपनीचं तयार खाद्य) वापरायचो, ५० किलोचं पोतं. पोत्याचा भाव दर दोन-तीन महिन्यांनी वीस-तीस रुपयांनी सरकत सरकत १५५० च्या पुढं गेला, चांगल्या कंपनीची घ्यायची तर १७००. त्यातलं काय सरकलं ते कळायला मार्गच नाही. पोत्यावर छापलेलं असतं प्रोटीन २० टक्के, पण ते 'क्रूड प्रोटीन' असतं, म्हणजे लॅबवाले नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ नी गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळं १०० किलो खाद्यात १ किलो युरिया टाकला की कागदावरचं प्रोटीन जवळजवळ पावणेतीन-तीन टक्क्यांनी वर जातं. थोडा युरिया गाईच्या पोटात चालतो, ते काय विष नाही, पण मी पेंडीचे पैसे देतोय आणि मला युरिया मिळतोय का हे पोतं बघून कसं कळणार. सगळ्याच कंपन्या तसं करतात असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की महागाईच्या काळात भाव वाढवायचा नसेल तर आतला माल हलका करणं हा सगळ्यात सोपा रस्ता असतो आणि गोळी झाली की आत काय गेलं ते दिसत नाही.

म्हणून या दुकानात मिक्सिंग चालू केलं. तिथं सिस्टीम अशी की तुम्ही फॉर्म्युला सांगायचा, तुमच्या डोळ्यासमोर एकेक माल काट्यावर चढतो, मका मिलमधून भरडून निघतो, मग सगळं मिक्सरमध्ये, दहा-पंधरा मिनिटं फिरवतात आणि तुमच्याच रिकाम्या पोत्यात भरून देतात. भरडणं आणि मिक्सिंग धरून किलोला दीड रुपया. पोती आपली न्यावी लागतात नाहीतर पोत्याचे पैसे लावतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

माझा १०० किलोचा माल असा असतो. मका भरडा ३८ किलो, गव्हाचा भुसा (काड नाही, पिठाच्या मिलमधला) २०, सोया डीओसी १४, तांदळाची डीडीजीएस (डिस्टिलरीत इथेनॉल काढून उरलेला चोथा) ८, तूर चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) ८, तेल काढलेला तांदळाचा कोंडा ८, मिनरल मिक्श्चर २, मीठ १ आणि खाता सोडा १. प्रोटीनचा हिशोब मका ९ टक्के, भुसा १५, डीओसी ४५, डीडीजीएस ४४, चुनी १४ आणि कोंडा १५ धरून केला तर साडेअठराच्या आसपास बसतो. मका २७, डीओसी ३८, भुसा २७, डीडीजीएस २८, चुनी २५, कोंडा १८ अशा भावांनी मिक्सिंगसकट हा माल ३१ रुपये किलो पडतो. आता तुम्ही म्हणाल गोळी पेंड पण १५५० ला म्हणजे ३१ नीच पडते की, मग एवढा खटाटोप कशाला. बरोबर आहे. यूट्यूबवर जे सांगत असतात ना, घरच्या घरी खुराक बनवा आणि निम्मा खर्च वाचवा, ते मक्याच्या या भावात होत नाही. मका १८-१९ ला मिळायचा तेव्हा हाच माल किलोमागं तीन रुपयांनी स्वस्त पडायचा, तेव्हाचे व्हिडिओ आहेत ते. आज तुलना करायची ती १७०० वाल्या पोत्याशी, म्हणजे ३४ रुपयांशी. तिथं तीन रुपये वाचतात. दिवसाला ६० किलोवर १८० रुपये, महिन्याला पाच हजाराच्या वर. स्वस्तातल्या गोळीशी तुलना केली तर पैसे वाचत नाहीत पण माल काय आहे ते कळतं. माझी डेअरीतली फॅट आधी खाली-वर व्हायची, ३.२ ते ३.७ कुठंही, आता ३.५-३.६ ला थांबलीय. त्यात खुराकाचा वाटा किती आणि थंडीचा किती देव जाणे, पण शेणाची घट्टी बघून मला तरी फरक वाटतो.

आता मका. या दुकानात जायचं खरं कारण मका आहे. शेठकडं काउंटरवर ओलावा मोजायचं मशीन आहे, मूठभर दाणे टाकले की आकडा येतो, आणि तो गिऱ्हाइकाला दाखवतो. १४ च्या आत असला तरच मी घेतो. मशीन नसेल तिथं पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचा, आत गरम लागलं की माल ओला आहे, सोडून द्यायचा. दाण्याच्या टोकाशी हिरवट-काळी भुकटी दिसली तर तो कितीही स्वस्त मिळो, नको. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, गाईच्या लिव्हरला लागतं आणि वरून दुधात पण उतरतं, दुधासाठी एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) मर्यादा लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम आहे म्हणजे नसल्यातच जमा. दोन रुपये वाचवायला गेलं आणि गाभण गाय गाबडली तर कुणाच्या नावानं रडायचं.

मिलच्या तोंडाला चुंबक लावलाय ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एकदा भरडून झाल्यावर पोऱ्यानं चुंबक पुसला तर खिळा, तारेचे दोन तुकडे आणि एक वॉशर निघाला, एका लॉटमध्ये. ज्याच्या गाईला तार लागलीय त्याला विचारा या चुंबकाची किंमत. जाळी पण बदलून देतात, गाईंसाठी मी जाडी घेतो, पीठ करत नाही, पीठ केलं की पोटात ॲसिड होतं आणि गाय रवंथ कमी करते. पोऱ्या न सांगता बारीक जाळी ठेवतो कारण पोल्ट्रीवाल्यांना तशी लागते, त्यामुळं मिल चालू करायच्या आधी बोलायचं, नंतर बोलून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे मिक्सरच्या तळात आधीच्या गिऱ्हाइकाचा माल राहतो. दहा-पंधरा किलो सहज. शेठ म्हणतो तुमचा पण राहतोच की पुढच्याला, बरोबरी होते. माझ्या मते ही बरोबरी नाही, कारण मी डीओसी टाकलेली असते आणि आधीच्यानं नुसता भुसा आणि कोंडा. आता मी आधी मिक्सर रिकामा फिरवून घ्यायला लावतो. तोंड वाकडं करतात पण करतात.

सप्टेंबरात मात्र या दुकानानं चांगलाच घाम काढला. खरिपाचा मका यायला वेळ, बिहारकडचा रब्बीचा माल संपत आलेला, आणि शेठकडं मकाच नाही. तीन पोती मागितली तर एक दिलं, ते पण जुनं गिऱ्हाईक म्हणून. नवीन माणसाला सरळ नाही म्हणत होता. मी बघतोय तर मागच्या बाजूनी आख्खी गाडी पोल्ट्रीवाल्याला चाललेली. विचारलं तर म्हणतो, "दादा, तो एका टायमाला पंचवीस टन उचलतो आणि आरटीजीएस मारतो, तुम्ही तीन पोती नेता आणि दुधाचा पगार झाल्यावर देतो म्हणता. मी कुणाला देऊ सांगा." यावर उत्तर नव्हतं माझ्याकडं. पण मग बोर्डावर 'शेतकऱ्यांचं हक्काचं दुकान' लिहू नये असं वाटतं.

शेठची एकट्याची चूक नाही हे पण खरं. मका कुठं गेला ते बघितलं तर चित्र स्पष्ट आहे. जुलै २०२३ ला एफसीआयनं (सरकारी अन्न महामंडळ) इथेनॉलसाठी तांदूळ देणं थांबवलं. पाऊस कमी, उसाची चिंता, म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉलवर निर्बंध आणले, नंतर थोडे ढिले केले ती गोष्ट वेगळी. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं टार्गेट मात्र तसंच. मग उरलं काय, मका. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा खरेदी भाव लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे २७ हजारांच्या वर रुपये, आणि वरून डीडीजीएस विकायला मिळते ती वेगळीच. त्या भावात डिस्टिलरीवाला क्विंटलला २२००-२३०० देऊन मका उचलू शकत होता आणि त्याला परवडत होतं. माझ्या गाईला ते परवडत नाही कारण तिच्या दुधाचा भाव कुणी ७१ रुपये ठरवलेला नाही. आपला देश आधी मका बांगलादेश, व्हिएतनामला विकायचा, २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून आणायची वेळ आली. अमेरिकेत ढिगानं पडलाय पण तो जीएम (जनुक बदललेला), तो इथं चालत नाही. सरकारनं २०२४ ला पाच लाख टनांच्या आसपास १५ टक्के ड्युटीनं आणायची सवलत दिली, त्याच्या बाहेर ५० टक्के होती. म्हणजे बाहेरून स्वस्त येईल ही आशा सोडा.

आणि मक्याला भाव मिळाला म्हणून मी बोंब मारणार नाही. माझा चुलतभाऊ येवल्याकडं मका करतो, लष्करी अळी २०१८ ला आल्यापासून त्याचं फवारण्यांत किती जातंय ते मी बघितलंय. २०२४-२५ ला हमीभाव २२२५ होता आणि इतकी वर्षं बाजारात त्याच्या खालीच विकत होता बिचारा. त्याला आता दोन पैसे मिळतायत तर मिळू द्या. आमचं भांडण दुधाच्या भावाशी आहे, त्याच्या कणसाशी नाही. पण वेळ अशी आलीय की तो खूश असला की मी नाराज, आणि दिवाळीला दोघं एकाच ताटावर बसतो.

या सगळ्यात एक गंमत झालीय जी पेंडवाले स्वतःहून सांगत नाहीत. डिस्टिलरीतून डीडीजीएस एवढी बाहेर पडायला लागलीय की सोया डीओसीचा भाव खाली आला. सोयाबीनवाला रडत होता, २०२४-२५ ला ४८९२ हमीभाव असताना बाजारात चार हजारांच्या आसपास, ते वाईटच. पण खुराकाच्या बाजूनं बघितलं तर डीओसी ३८ रुपयांत ४५ टक्के प्रोटीन, म्हणजे प्रोटीनचा एक किलो ८४ रुपयांना. २०२१ च्या पावसाळ्यात हीच डीओसी एवढी भडकली होती की पोल्ट्रीवाल्यांच्या दबावानं सरकारला जीएम सोयापेंड १२ लाख टन आणायची परवानगी द्यावी लागली होती, आठवत असेल. २०२४ ला उलटं झालं. आणि तरी आमच्याकडं नव्वद टक्के लोक सवयीनं सरकी पेंडच नेतात. सरकी ३४ रुपये किलो, प्रोटीन जेमतेम २२, म्हणजे प्रोटीनचा किलो दीडशेच्या वर. सरकीत तेल असतं, फॅट लागते, गाय आवडीनं खाते हे मान्य आहे, पण एवढा फरक देऊन? डीओसीनं दूध आटतं असं आमच्या गावात म्हातारी माणसं सांगतात, मला तरी तसा अनुभव नाही, फक्त एकदम बदल करू नका, हळूहळू वाढवा.

सरकीबद्दल आता तक्रार, आणि यामुळंच स्टार कापलाय. या दुकानातली सरकी पेंड दोनदा वेगवेगळ्या मार्क्याची घेतली आणि दोन्ही वेळा निराशा. पेंडीची एक चपटी घेऊन बादलीत भिजत घातली, सकाळी वरचं ओतून दिलं तर तळाला बोटभर रेती-मातीचा थर. सालपट इतकं की वाळल्यावर हातात कापसाचे तंतूच यायला लागले. शेठला फोटो दाखवला तर म्हणाला वरूनच असा येतोय, बदलून देतो म्हणाला आणि बदलून दिलं दुसऱ्या मार्क्याचं पोतं, त्यात पण तेच. वर वजन. पोत्यावर ५० छापलेलं, घरच्या काट्यावर ४८ च्या घरात. हमालाच्या हातातून सांडलं म्हणतो. दोन किलो सांडायला पोत्याला भोक किती मोठं पाहिजे. सुट्या मालाचं वजन मात्र एकदम चोख आहे हे पण सांगतो, काटा इलेक्ट्रॉनिक, गिऱ्हाइकाकडं तोंड करून, आणि शून्य दाखवून मगच माल चढवतात. म्हणजे त्याच्या हातातलं सगळं व्यवस्थित आणि बंद पोत्यातलं सगळं रामभरोसे.

सरकीच्या भावाचं तर काही विचारूच नका. अकोल्याच्या ढेपेचे (म्हणजे सरकी पेंडीचे) एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) चालतात, भाव तिथं हलला की इकडं अर्ध्या तासात शेठचं स्टेटस बदलतं. गोडाऊनमध्ये माल तोच कालचा. डिसेंबर २०२१ ला सेबीनं (अशा बाजारांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सोयाबीन, मोहरी, हरभरा, गहू वगैरे सात मालांचे वायदे बंद केले त्यात सरकी पेंड नव्हती, ती चालूच राहिली. वायद्यामुळंच भाव वाढतो असं मी छातीठोक सांगणार नाही, २०२४ च्या खरिपात कपाशीचं क्षेत्र पण कमी झालंय, सरकीच कमी निघाली तर पेंड कुठून येणार. पण ज्यानं आयुष्यात गाय बघितली नाही तो मोबाइलवर पेंड विकत घेतो आणि विकतो, आणि गोठ्यातला माणूस स्टेटस बघत बसतो, हे काही मनाला पटत नाही.

स्टेटसवरून आठवलं, रोज सकाळी आठला शेठ व्हॉट्सॲप स्टेटसला सगळे भाव टाकतो, मका, भुसा, डीओसी, चुनी, कोंडा, सगळं. ही सोय फार चांगली आहे. आधी दुकानात जाऊन कळायचं, आता घरी बसून दोन-तीन दुकानांचे स्टेटस बघायचे आणि मग गाडी काढायची. फक्त तो भाव रोखीचा असतो हे बारीक अक्षरात पण लिहिलेलं नसतं.

उधारीवर येतो. उधारीचा भाव किलोला दीड रुपया जास्त. ऐकायला काही वाटत नाही. माझ्या महिन्याच्या १८०० किलोवर २७०० रुपये होतात, म्हणजे मिक्सिंग करून जे वाचवलं त्यातलं निम्मं गेलं. आणि दहा-बारा दिवसांची उधारी असो का दोन महिन्यांची, भाव तोच, त्यामुळं लवकर पैसे देणाऱ्याला काहीच फायदा नाही. वहीत मांडताना माल मांडतो, भाव मांडत नाही, भाव हिशोबाच्या दिवशी लावतो. मका वाढत चाललेला असताना हे केवढ्याला पडतं बघा. मी एकदा भांडून प्रत्येक ओळीपुढं भाव लिहायला लावला, तेव्हापासून माझ्या पानावर लिहितो, बाकीच्यांच्या पानावर नाही. ज्यांचं खातं आहे त्यांनी आजच्या आज आपलं पान बघून या. पक्कं बिल मागितलं तर देतात, न मागता कच्ची चिठ्ठी.

डेअरीतून पगारातून कापून घेऊन खाद्य मिळतं तिथं तसं सोपं पडतं. कोल्हापूरकडं गोकुळचं महालक्ष्मी पशुखाद्य संस्थेमार्फत सभासदांना मिळतं, आमच्याकडच्या खासगी डेअऱ्या कुठली तरी एकच कंपनी गळ्यात मारतात आणि त्यांचं खाद्य नाही घेतलं तर ॲडव्हान्स देताना नखरे करतात. त्यापेक्षा हा शेठ बरा, निदान जबरदस्ती करत नाही.

डीडीजीएसबद्दल एक सावधगिरी. स्वस्त आहे म्हणून लोक आता २०-२५ किलोपर्यंत टाकायला लागलेत. मी आठच्या वर जात नाही. मक्यात जर बुरशी असेल तर इथेनॉल काढून झाल्यावर उरलेल्या मालात ते विष जवळजवळ तिप्पट होऊन बसतं, कारण स्टार्च निघून जातो आणि ते मागं राहतं. म्हणून मी तांदळाची घेतो, ताजी, रंग बघून. पिवळसर-तपकिरी चालते, कॉफीसारखी काळपट झाली असेल तर जळलेली आहे, त्यातलं प्रोटीन गाईच्या अंगी लागत नाही. वास गोडसर आंबट पाहिजे, कुबट नको. शेठकडं दोन्ही असतात आणि विचारलं तर कुठली कुठली आहे ते खरं सांगतो, हे मी त्याच्या बाजूनं लिहितो. न विचारता मात्र जी आधी संपवायची ती टाकतो.

भुसा पण एकदा गठ्ठे झालेला निघाला, पावसात पत्रा गळत होता गोडाऊनचा. मिक्सरमध्ये जायच्या आधी पकडला म्हणून वाचलो, पोतं बाजूला काढलं, काही वाद घातला नाही. कोंडा मात्र कायम ताजा मिळतो. जुलै २०२३ ला तेल काढलेल्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी आली होती त्यामुळं तो एक माल तरी तेव्हा आवाक्यात राहिला, साळवाल्यांचं आणि मिलवाल्यांचं नुकसान झालं ते वेगळं. कोंडा जास्त टाकून भाव पाडता येतो, पण एनर्जी कमी पडते आणि गाईच्या पाठीची हाडं दिसायला लागतात, म्हणून मी त्याच्या नादी लागत नाही. मक्याला पर्याय म्हणून बाजरी, ज्वारीचा काळा माल, तांदळाची कणी असं सगळं करून बघतात लोक, कणी स्वस्त मिळाली तर चांगलीच, पण ती पण डिस्टिलरीच घेऊन चाललीय.

घरपोच देतात, छोटा हत्ती आहे त्यांचा, १० किलोमीटरच्या आत ५०० किलोच्या वर असेल तर भाडं नाही. पण घरपोच मागवलं की मिक्सिंग आपल्यासमोर होत नाही, आणि मग गोळी पेंडीत आणि त्यात काय फरक राहिला. दोनशे रुपयांचं डिझेल जाळा पण स्वतः उभे राहा. मालक आहे तोपर्यंत सगळं नीट, तो जेवायला गेला की पोरगा काउंटरवर आणि मोबाइलवर रील. एकदा माझ्या मालात मीठ दोनदा पडता पडता राहिलं.

कुणी जावं? ज्याच्याकडं सहा-सातच्या वर दुभती जनावरं आहेत, रोख द्यायची ऐपत आहे आणि दोन तास उभं राहायची तयारी आहे त्यानं जरूर जावं. दोन गाईवाल्यानं शंभर किलोसाठी एवढं करू नये, चांगली गोळी पेंड आणि वरून किलोभर मका भरडा द्यावा, झालं. म्हशीवाल्यांनी दोन लिटरला एक किलो या हिशोबानं बघा, तुम्हाला दुधाला भाव बरा आहे त्यामुळं सरकी थोडी ठेवली तरी चालेल, फक्त दुसरीकडून घ्या. आणि जागा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात खरिपाचा मका वाळवून दोन-तीन महिन्यांचा भरून ठेवा, अख्खा ठेवा, भरडून ठेवू नका, भरड्याला पंधरा दिवसांत कुबट वास लागतो. मी यावेळी सात क्विंटल थेट चुलतभावाकडून घेतला, बाजार समितीच्या भावानं, आणि या दुकानात फक्त भरडून आणि मिक्स करून आणतो. आपला मका नेला तरी भरडाई तेवढीच लावतात, नाही म्हणत नाहीत, शेठचं तोंड जरा उतरतं एवढंच.

मिल बाजाराच्या दिवशी बंद असते आणि लाइट गेली तर जनरेटर नाही. निघायच्या आधी फोन करून लाइट आहे का विचारा.